भीतीने डोळे मोठे का होतात

घाबरलेल्या माणसाचा चेहरा आणि किळस आलेल्या माणसाचा चेहरा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर ते एकमेकांच्या अगदी उलट दिसतात. भीतीत भुवया वर जातात, डोळे विस्फारतात, नाकपुड्या फुलतात, तोंड उघडं पडतं. किळस आली की भुवया खाली येतात, डोळे बारीक होतात, नाक आक्रसतं, ओठ मिटतात. टोरोंटो विद्यापीठात जोशुआ सस्किंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हे मोजून पाहिलं. भीतीचा नुसता आविर्भाव केला, तरी माणसाला दोन्ही बाजूंचं जास्त दिसतं, नजर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अधिक झटकन जाते आणि नाकातून जास्त हवा आत येते. किळसेचा चेहरा केला की या तिन्ही गोष्टी घटतात.

भीतीबद्दल मला जे म्हणायचं आहे, त्याचं मूळ या एका निरीक्षणात आहे. भीती ही माहितीची भूक आहे. शरीराला काहीतरी कळायला हवं असतं, आत्ताच्या आत्ता हवं असतं, आणि ते कळत नसतं. म्हणून ते आपली सगळी दारं उघडतं. वाघ समोर उभा राहिला की पुढे पळणं, ओरडणं नाहीतर थिजणं उरतं. त्या आधीच्या दोन क्षणांत झुडूप हललेलं असतं, पण कशाने हललं ते दिसलेलं नसतं. भीतीचा खरा मुक्काम त्या दोन क्षणांत असतो. साहित्याला या दोन क्षणांची दोनशे पानं करता येतात, आणि आयुष्यात काही वेळा त्यांची वर्षंही होतात.

कालिदासाला हे पक्कं ठाऊक होतं. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणाऱ्या हरणाचं वर्णन आहे, ‘ग्रीवाभङ्गाभिरामं’ या शब्दाने सुरू होणारं. काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात भयानक रसाचं उदाहरण म्हणून हाच श्लोक निवडला. त्यात ना राक्षस आहे, ना स्मशान. हरीण डौलदारपणे मान वळवून पुन्हा पुन्हा मागच्या रथाकडे बघतंय. बाण पाठीत घुसेल म्हणून शरीराचा मागचा भाग त्याने पुढच्या भागात जणू ओढून घेतलाय. धापा टाकून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडतायत. आणि उड्या अशा, की ते जमिनीपेक्षा आकाशातच जास्त आहे.

पळणाऱ्या जनावराने मान वळवणं हा तोट्याचा व्यवहार आहे, त्याने वेग कमी होतो. तरीही ते वळून बघतं, कारण रथ किती अंतरावर आला हे कळल्याशिवाय त्याला राहवत नाही. मम्मटाने भयाचं उदाहरण म्हणून नेमका हा श्लोक उचलला याचं मला नेहमी कौतुक वाटतं. कवीने घास सांडल्याचं कारण श्रम दिलं आहे, पण चघळणं मध्येच थांबतं ते भीतीने. हार्वर्डमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरांना क्ष-किरणांत उठून दिसणारं बिस्मथ मिसळलेलं अन्न खाऊ घालून क्ष-किरणांखाली त्यांचं पचन पाहत होते. मांजर बिथरलं की जठराची लाट जागच्या जागी थांबे, आणि शांत झाल्यावर काही वेळाने पुन्हा सुरू होई. पचनाचा अभ्यास करता करता ते भीतीपाशी पोचले आणि १९१५ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन रक्तात येतं, हृदय जोरात चालू लागतं, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळतं, लाळ आटते. तोंडाला कोरड आणि पोटात गोळा, दोन्हींचा उगम इथे आहे.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव, म्हणजे भय उपजवणारी कारणं, एका लांब समासात ओवली आहेत. विकृत आवाज, भूत-पिशाच्चांचं दर्शन, कोल्ही आणि घुबड यांचा त्रास, उद्वेग, रिकामं घर, अरण्यात जाणं, आणि आपल्या माणसांचा वध किंवा बंधन पाहणं, ऐकणं, त्याविषयीच्या गोष्टी कानावर येणं. ही यादी रंगभूमीसाठी केलेली आहे. नटाला आणि नाटककाराला ती वापरायची होती, त्यामुळे तिच्यात तत्त्वज्ञान कमी आणि कारागिरी जास्त आहे.

‘विकृत रव’ यादीत सर्वांत आधी आहे, आणि ते योग्यच आहे. अंधारात डोळ्याआधी कान काम करतो. आवाज कोणत्या गुणाने विकृत होतो याचं उत्तर २०१५ साली लुक अर्नाल, डेव्हिड पॉपेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळालं. साध्या बोलण्यात आवाजाचा चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होतो, साधारण एकेका अक्षराच्या गतीने. किंकाळीत तोच चढउतार सेकंदाला ३० ते १५० वेळा होतो. कानाला तो चढउतार म्हणून कळत नाही, खरखर म्हणून कळतो. धोक्याचे भोंगे याच पट्ट्यात वाजतात. किंकाळी मोठी असते म्हणून ती घाबरवते असं आपण समजतो, पण तिच्यातला हा खरखरीतपणा काढून घेतला की बराचसा धाक निघून जातो.

घुबड आणि रिकामं घर हे दोन विभाव भरताने वेगळे मोजले आहेत, पण आपल्याकडे ते बहुतेकदा एकत्रच सापडतात. पडक्या वाड्यांत, देवळांच्या शिखरांत, वापरात नसलेल्या माळ्यांवर गव्हाणी घुबड घर करतं. त्याचा चेहरा पांढरट, हृदयाच्या आकाराचा, आणि पोटाकडची बाजूही फिकी. पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, वरचा पृष्ठभाग मखमली असतो आणि मागची कड झालरीसारखी विरलेली, त्यामुळे उडताना आवाज जवळजवळ होत नाही. ते घुमत नाही, चिरकतं. घरट्यातली पिल्लं घोरल्यासारखा फुत्कार करतात, तो रात्रभर चालू राहतो. कंदील घेऊन ओसाड वाड्यासमोरून जाणाऱ्या माणसाला पांढरं काहीतरी डोक्यावरून आवाज न करता गेलेलं दिसतं आणि मग वाड्यातून किंकाळी ऐकू येते. दिसलं पण ऐकू आलं नाही. ऐकू आलं तेव्हा दिसलं नाही. दोन इंद्रियांच्या साक्षी जुळत नाहीत, आणि ही न जुळणारी जागा भरून काढायला गावात आधीपासून एक गोष्ट तयारच असते.

रात्रीचा दोष थोडा डोळ्यांचाही आहे. दृष्टिपटलावर रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी मध्यभागी दाटलेल्या असतात, आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी त्या मध्यभागात अजिबात नसतात. म्हणून अंधारात अंधूक दिसणाऱ्या गोष्टीकडे रोखून पाहिलं की ती नाहीशी होते आणि नजर जराशी बाजूला घेतली की परत येते. ‘कडेला कुणीतरी उभं होतं, वळून पाहिलं तर कुणी नाही’ हा अनुभव सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. आकाशनिरीक्षक हीच गोष्ट मुद्दाम वापरतात: पुसट तेजोमेघ पाहायचा तर त्याच्या दहा-पंधरा अंश बाजूला नजर ठेवायची. दंडपेशी पुऱ्या जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा उजळ पडदा क्षणभर पाहिला तरी त्यातला बराचसा लाभ बुडतो. बॅटरी पेटवून चालणाऱ्याला बॅटरीच्या गोलाबाहेरचं काहीच दिसत नाही. त्याने अंधार कमी केलेला नसतो, स्वतःभोवती त्याची भिंत उभी केलेली असते. रात्री रानात फिरणारे लोक मंद लाल दिवा वापरतात, कारण लाल प्रकाशाने दंडपेशी फारशा दिपत नाहीत.

अंधारात एकच स्थिर ठिपका बराच वेळ पाहिला तर तो हलू लागतो. भोवती दुसरं काही नसल्याने डोळ्याच्या स्वतःच्या सूक्ष्म हालचाली मेंदू त्या ठिपक्याच्या खात्यात टाकतो. डोंगरावर दिवे चालताना पाहिल्याच्या कितीतरी हकिगतींत हे असणार. आरशाचंही तसंच. इटलीतल्या जोव्हान्नी कापुटो यांनी २०१० साली ५० जणांना मंद उजेडात १० मिनिटं आरशात स्वतःकडे बघायला लावलं. दोनतृतीयांश लोकांना आपला चेहरा भलताच बदललेला दिसला, आणि काहींना त्या जागी अनोळखी माणूस किंवा विचित्र प्राणी दिसला. हलत नसलेली गोष्ट एकटक पाहिली की डोळा तिचे तपशील गाळत जातो आणि मेंदू चेहरा पुरा करण्याच्या सवयीने मनचं काहीतरी घालतो. रात्री आरशात पाहू नये, हे सांगणाऱ्या आजीला कारण माहीत नसेल, पण परिणाम माहीत होता.

झोपेतून अर्धवट जाग आली, डोळे उघडे आहेत, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कुणीतरी बसलंय, हा प्रकार जगभर आहे आणि जगभर त्याला एकेक भूत नेमून दिलेलं आहे. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू मेंदू बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नाबरहुकूम उठून पळालो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि हे कुलूप काही सेकंद, क्वचित एखाददोन मिनिटं उशिरा उघडतं. श्वास चालूच असतो, पण तो हवा तसा खोल घेता येत नाही, म्हणून ओझं वाटतं. जागरणं, पाळ्यांची नोकरी, उताणं झोपणं यांनी हे वाढतं. कुशीवर झोपल्याने आणि झोपेची वेळ सांभाळल्याने कमी होतं. त्या क्षणी सगळं अंग हलवायची धडपड करण्यापेक्षा एखादं बोट हलवण्यावर लक्ष ठेवावं.

माहिती किती कमी असली की भीती सर्वांत जास्त, याचंही एक सुंदर मोजमाप झालेलं आहे. लंडनमध्ये २०१६ साली आर्ची द बर्कर आणि सहकाऱ्यांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. झटका नक्की बसणार हे माहीत असताना माणसं तितकी तणावात नव्हती, जितकी शक्यता निम्मी निम्मी असताना होती. शंभर टक्के वाईट बातमीपेक्षा पन्नास टक्के वाईट बातमी जड जाते. तपासणीचा अहवाल येईपर्यंतचे दिवस अहवालानंतरच्या दिवसांपेक्षा वाईट का असतात, हे ज्यांनी रुग्णालयाच्या बाकावर वाट पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आधी कळणं आणि न कळणं यांतला फरक महाराष्ट्रातल्या चार मुख्य विषारी सापांत दिसतो. नाग फणा काढतो, घोणस प्रेशर कुकरसारखा मोठा फुत्कार करते, फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. तिघंही आधी कळवतात. मण्यार काहीच कळवत नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावा पुष्कळदा दुखत नाही आणि दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून पावसाळ्यात खाली झोपू नये, खाट घ्यावी आणि मच्छरदाणीची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचावी. बिनविषारी साप चावलेला माणूसही कधी कधी धाप लागून, हातापायांना मुंग्या येऊन, बोटं आखडून रुग्णालयात येतो. ते विष नसतं. घाबरून भराभर घेतलेल्या श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरलेला असतो. म्हणूनच सर्पदंशाच्या प्रथमोपचारात धीर देणं पहिलं येतं, मग चावलेला अवयव हलू न देणं आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठणं.

भीतीचं रसायन भीतीशिवायही अंगात उसळू शकतं, आणि याचा सर्वांत भीषण धडा कोकणातल्या लाल विंचवाने दिला. त्याच्या विषाने मज्जातंतू अॅड्रिनॅलिन आणि त्याच्या भावंडांचा लोंढा सोडतात. अंगाला घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, फुप्फुसांत पाणी साचतं. घाबरलेल्या शरीराची सगळी लक्षणं, फक्त थांबण्याची सोय नसलेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध यावर वापरलं आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतली एक स्त्री आहे. दुर्मीळ आजाराने तिच्या मेंदूतले अमिग्डला हे बदामाएवढे दोन भाग निकामी झालेले. साप, कोळी, झपाटलेलं म्हणून प्रसिद्ध असलेलं घर, कशानेच तिला भीती वाटली नाही. पण २०१३ सालच्या प्रयोगात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिल्यावर ती प्रचंड घाबरली. डोळ्यांवाटे येणारा धोका तिच्यापर्यंत पोचत नव्हता. श्वासाचा धोका शरीराने आतूनच कळवला.

बाकी भीती आपण माणसांकडून घेतो. भरताने ‘दर्शन, श्रुती, कथा’ म्हटलं. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले रॅकमन यांनी १९७७ साली भीती येण्याच्या तीन वाटा सांगितल्या: स्वतःला बसलेला धक्का, दुसऱ्याला घाबरताना पाहणं, आणि कुणीतरी सांगितलेलं. शेवटच्या दोन भरताच्या यादीत आधीच आहेत. १९८५ साली एक वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर रांगायला सोडलं गेलं. काचेखाली अर्ध्यावर सुमारे ३० सेंटिमीटरची पायरी दिसत होती, पलीकडे आई. पडण्याइतकी खोल नाही, उथळही नाही, म्हणजे बाळाला ठरवता येऊ नये इतकीच. आई हसरी होती तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. सुझन मिनेका आणि मायकल कुक यांच्या प्रयोगांत, प्रयोगशाळेत वाढलेल्या आणि साप कधी न पाहिलेल्या माकडांनी रानात वाढलेल्या माकडांना सापाला भिताना पाहिलं आणि थोडक्या वेळात तीही भिऊ लागली. चित्रफितीत फेरफार करून तीच घाबरलेली माकडं फुलांना भिताना दाखवली, तेव्हा मात्र ती फुलांना भ्यायला शिकली नाहीत. काही भीतींसाठी जमीन आधीच नांगरलेली असते.

आपल्या भुतांकडे या नजरेने पाहिलं की ती फार हुशार वाटू लागतात. चकवा घ्या. रात्री रानात ओळखीची वाट सुटते आणि माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. यान सूमान यांनी २००९ साली जर्मनीच्या जंगलात आणि सहारा वाळवंटात लोकांना सरळ चालायला लावलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो झाकला गेला की नकळत गोलात फिरून स्वतःचीच वाट कापू लागले. डोळे बांधल्यावर काहींचं वर्तुळ २० मीटर व्यासाइतकं लहान झालं, आणि तरी ते आपण सरळ चालतोय असंच समजत होते. चकवा लागला तर चालू नये, आहे तिथे बसावं, उजाडेपर्यंत थांबावं, हा गावचा सल्ला आजही चुकीचा नाही. हडळीचे पाय उलटे असतात, हीसुद्धा मला मोठ्या कल्पनाशक्तीची खूण वाटते. ज्या समाजात धुळीतली पावलं पाहून कोण कुठे गेलं ते कळायचं, तिथे सर्वांत भरवशाची माहितीच उलटी करून टाकली.

बाळाच्या पाचवीला किंवा सटीला रात्रभर जागायची, दिवा विझू न देण्याची पद्धत महाराष्ट्रात होती. सटवाई येते, कपाळावर लिहून जाते. नवजात बाळाला होणाऱ्या धनुर्वाताची लक्षणं जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत, बहुधा सातव्या दिवसाच्या आसपास दिसतात. नाळ विळ्याने किंवा हाती लागेल त्या पात्याने कापली जायची, त्यावर राख किंवा शेण लावलं जायचं, जंतू तिथून शिरायचे. बाळ आधी दूध ओढेनासं होई, मग जबडा मिटे, मग झटके येत. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तारीख गावाला ठाऊक होती. जिथे माहिती मिळत नाही तिथे भीतीच दप्तर ठेवते. २०१५ साली भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळ. ते आईला टोचलेल्या लसीने, निर्जंतुक पात्याने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी झालं.

इथवर माहितीच्या भुकेची बाजू झाली. पण भरताने भयानकाचे तीन प्रकार केले आहेत, आणि त्यांतला एक माझ्या म्हणण्याला छेद देतो. व्याजाने, म्हणजे सोंग म्हणून आणलेलं भय. दचकवून, त्रास देऊन उपजवलेलं भय. आणि अपराधातून येणारं भय. अपराध्याला माहिती कमी पडत नसते, ती त्याच्याकडे पुरेपूर असते. तो भितो ती इतरांना मिळेल म्हणून. आपली भुतावळ मुख्यतः या तिसऱ्या प्रकारची आहे, असं माझं मत आहे. हडळ बाळंतपणात गेलेली. जखीण संसार अर्धा टाकून गेलेली. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेलेला पोर. यांतली कुणीही आयुष्यात बलवान नव्हती. सावकार मेल्यावर भूत झाल्याच्या कथा तशा कमीच. ऐकू येतात त्या त्याने गिळलेल्या जमिनीच्या मालकाच्या, विहिरीत उडी टाकलेल्या सुनेच्या. गाव त्यांना भितं, कारण त्यांचं काय झालं हे गावाला माहीत असतं. उत्तम भयकथा या ठिकाणी करुणेला लागून असते, आणि वाचकाला कोणाची बाजू घ्यावी कळेनासं होतं.

आता लिहिण्याबद्दल, कारण मराठीत भयकथा आजही आवडीने लिहिली आणि ऐकली जाते, आणि बिघडते ती ठरावीक जागी. सर्वांत मोठा घोळ भयानक आणि बीभत्स यांचा. भरताने दोन्हींना वेगळे स्थायीभाव, म्हणजे मुळातले भाव, दिले: भय आणि जुगुप्सा, म्हणजे किळस. रंगही वेगळे, काळा आणि निळा. बीभत्साच्या दर्शनातून भयानक उपजतो असं तो म्हणतो, म्हणजे एकातून दुसऱ्याकडे वाट आहे, पण दोन्ही एक नाहीत. आतडी, पू, किडे पानावर आले की वाचकाचा चेहरा मिटतो. डोळे बारीक झालेल्या वाचकाला पुढच्या ओळीतली बारीक चाहूल दिसणार नाही. रक्त दाखवायचंच असेल तर एकदा, आणि तेही भीतीचं काम संपल्यावर.

दुसरा बिघाड घाईचा. पहिल्याच परिच्छेदात अमावस्या, वादळ आणि ओसाड बंगला दिला की वाचकाला उत्तर मिळून जातं, शंभर टक्के. साधी जागा घ्यावी, दुपारची वेळ चालते, आणि तिच्यात एकच गोष्ट चुकीची ठेवावी, मोजता येईल अशी. घरात पाच माणसं आणि दाराशी चपलांचे सहा जोड. दोन स्पष्टीकरणं, एक साधं आणि एक अभद्र, सारख्या वजनाने शक्य तितकी लांब चालवावीत. प्रत्येक पुराव्याने पारडं थोडं हलावं, पण पडू नये. भेसूर, अघोरी, भयाण ही विशेषणं म्हणजे पुराव्याआधी दिलेला निकाल, ती गाळावीत. भुताच्या पूर्वेतिहासाची चार पानं शेवटी आली की कथा मेली. तो इतिहास आधीच, दुसऱ्या निमित्ताने, सांगून टाकलेला असावा.

सांगणारा माणूस कोण, यावर फार अवलंबून आहे. टेबलावरचं बाळ आईकडे बघत होतं तसा वाचक निवेदकाकडे बघत असतो. सुरुवातीपासून भेदरलेला निवेदक निरुपयोगी, कारण त्याच्या चेहऱ्यात बदलायला काही उरत नाही. कडी तपासणारा, चपला मोजणारा, वीजबिल भरायचं लक्षात ठेवणारा माणूस हवा. तो एका ठिकाणी मोजायचं थांबतो, आणि का थांबला ते सांगत नाही, तेवढ्याने काम होतं. चित्रपट आणि श्राव्यकथा करणाऱ्यांनी दचकणं आणि घाबरणं यांतला फरक धरून ठेवावा. अचानक मोठ्या आवाजाला पापणी तीस ते पन्नास मिलिसेकंदांत मिटू लागते, मेंदूला काही कळायच्या आधी. ही प्रतिक्रिया अंधारात आणि आधीच धास्ती असताना वाढते, पण पुन्हा पुन्हा केली की पटापट बोथट होते. एका तासात चार दणके दिले तर चौथ्याला प्रेक्षक पाण्याची बाटली उघडत असतो. दोनदा ऐकवलेला आवाज तिसऱ्यांदा योग्य वेळी न येणं, हे दणक्यापेक्षा जास्त वेळ पुरतं.

लहान मुलांच्या अंधाराच्या भीतीचं काय करायचं, हा प्रश्न घरोघर असतो. ‘बागुलबुवा आला’ म्हणून झोपवणं सोडून द्यावं. तो ‘कथा’ आहे, भीती येण्याची तिसरी वाट, आणि मूल तुमच्या शब्दांपेक्षा ते उच्चारतानाचा तुमचा चेहरा शिकतं. ‘काही नाहीये तिथे’ हे वाक्य उपयोगाचं नाही, कारण त्यात माहिती काहीच नाही. मुलाला सोबत घेऊन दिवा लावावा, खुंटीवरचा शर्ट दाखवावा, दिवा मंद करावा, त्याच शर्टाचा आकार पुन्हा दाखवावा, मग मालवावा. दुसऱ्या दिवशी हे मुलाला स्वतः करू द्यावं. दिवा हवा असेल तर मंद आणि तांबूस ठेवावा, आणि डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात हे त्याला सांगावं. मुलांना आकडे आवडतात. भीती वाटली की लगेच उचलून आपल्या अंथरुणात घेतलं तर पळाल्यामुळे वाचलो असा धडा पक्का होतो. त्याच खोलीत, त्याच्याजवळ बसून भीती ओसरेपर्यंत थांबावं. ती ओसरते, सहसा वीसेक मिनिटांत. ‘भीमरूपी महारुद्रा’ मोठ्याने म्हणायची जुनी सवय इथे चांगली उपयोगी पडते. तिच्यात ‘भूतप्रेतसमंधादि’ नासण्याचं आश्वासन आहेच, पण ओळ संपेपर्यंत श्वास सोडत राहावा लागतो, आत घ्यायला मधला क्षणभरच मिळतो, आणि सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. पुटपुटून हे होत नाही, खणखणीत आवाजात म्हणावं लागतं. जुनी भीती महिन्याने परतली तर पहिलं सगळं वाया गेलं असं समजू नये. विझलेली भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी आठवण बसते, आणि ताप, प्रवास, नवं घर अशा वेळी खालची वर येते. पुन्हा दिवा, पुन्हा शर्ट. दुसऱ्या खेपेला कमी दिवस लागतात.